भिंत त्येंची, रंग आपला

आमचं मालक नव्या खोलीत शिरलं की पायातलं पायतान काढायच्या आदी भिंतीवर हात फिरवायचं. वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हस घेनारा गडी कसा मानंपास्नं शेपटापतोर हात घिऊन जातो, तसं. ह्या कोपऱ्यापास्नं त्या दारापतोर. मग दोन बोटं वाकवून टकटक करायचं आन घरमालक समोर उभा असताना म्हनायचं, "भिंत ब्येस हाय. पर हिला कवा कुनी इचारल्यालं दिसत न्हाय." घरमालक माज्याकडं बघायचा. माज्या डोईवर भांड्याचं पोतं, काखंत पोर. मला चूल कुटं मांडायची ते पायजे असायचं, आन ह्यो मानूस भिंतीची चवकशी करत बसल्याला.

मालक म्हंजी माजं घरवालं. आमच्याकडं बाईमानूस नवऱ्याचं नाव घेत न्हाय, मालक म्हनतंय. आता ज्येच्या नावावर जमिनीचा तुकडा न्हाय, घर न्हाय, बसायला सायकल हुती ती बी थोरल्या दिराची, त्येला मी जलमभर मालक म्हनत आलो. घर ज्येचं त्यो घरमालक, आन घरमालकाची बोलनी खानारा त्यो आमचा मालक. ह्या एका शब्दानं म्होरं काय घोळ घातला ते सांगतोच. आदी मानूस कसं हुतं ते ऐका. तुमच्या घरात बी असला एक असंलच, न्हाय असं व्हायाचं न्हाय.

फौंड्रीत मोल्डर हुतं. साच्याची माती काळी, धूर काळा, हवा काळी. सांजचं घरी आलं की डोळं आन दात तेवढं वळखू यायचं. कापडं धुतली की मोरीतनं शाई सांडल्यागत पानी जायाचं. हातपाय धुवून च्या घेतला की भिंतीकडं बघत बसायचं. "काय बघताय?" म्हनलं तर म्हनायचं, "पोट भरतंय गं. डोळं उपाशी ऱ्हात्यात."

"मग डोळ्यास्नी भाकरी थापू काय?" मी म्हनायचो.

आम्ही शाहूवाडीच्या वरल्या अंगाची, भाताच्या मुलखातली. माज्या म्हायेरात भिंतीला शेन आन पांढरी माती. रंग लावायचा त्यो बेंदराला, बैलाच्या शिंगास्नी. म्हनून ह्येंनी रंगाचा डबा घरात आनला की मी इचारायचो, "आज बेंदूर हाय व्हय?" मालक हसायचं न्हाईत. ब्रश भिजवत म्हनायचं, "भिंत त्येंची, रंग आपला." घरात पीठ न्हाय म्हनलं तरी हेच, पोरीला ताप हाय म्हनलं तरी हेच. जसं काय त्या रंगानं ताप उतरनार हाय.

पयली खोली फौंड्रीच्या मागं, पत्र्याची. माजं पयलं बाळंतपन तितंच झालं. त्येच्या आदी मालकांनी चुना कालवला आन त्यात नीळ टाकली. निळीला काय माप असतंय का न्हाय? अख्खी पुडी टाकली, मग हात गेला तशी दुसरी बी. खोली अशी निळी झाली की आत आलं की हिरीत उतरल्यागत वाटायचं. संगी झाली, आमची ल्येक. सासू गावाकडनं बघायला आली, दारातनं आत बघिटलं आन छाती बडवाय लागली, "पोर निळं पडलं गं! पोर गेलं गं माजं!" शेजारनी धावल्या. कोन रिक्षा बघाय पळालं. संगी आपली मजेत मूठ चोखतीया. उन्हात न्हेली तवा गोरीगोमटी. सासूनं मालकास्नी ज्या शिव्या घातल्या त्या हितं सांगन्याजोग्या न्हाईत. ऐकून घेतलं समदं, आन म्हनलं, "आये, भिंतीची झाक हाय ती. ब्येस पडलीया न्हवं?"

ब्येसच पडली. घरमालक एकदा आत आला, पाटावर बसला, पानी प्याला, चारीकडं बघिटलं. पुढल्या म्हैन्यात म्हनला, पोराचं लगीन ठरलंय, खोली मोकळी करा. आमच्या निळीत त्येचं नवं जोडपं नांदाय गेलं.

दुसरी खोली गावात, पेठंत. तितं मालकांनी फौंड्रीतला उरल्याला हिरवा रंग आनला, मशीनला लावत्यात त्यो. मशीनचा रंग भिंतीला वाळतोय व्हय? पावसाळा गेला तरी चिकटच. टेकलं की पदर चिकटायचा. एकदा शेजारचं मांजर चिकटलं, त्येची केसं अजून तितं असतील. मालक जेवताना म्हनायचं, "रान कसं उगावलंय बघ." मी म्हनायचो, "रानात मानसं चिकटून बसत न्हाईत."

वाळला एकदाचा. घरमालकीन बघाय आली आन तिला बी आवडला. झालं. हातगाड्यावर बिऱ्हाड घातलं. मला पाचवा म्हैना लागलावता. चढाला गाडा मागनं ढकलला. त्या वक्ताला जे गेलं ते गेलं, परत कूस उजवली न्हाय. ते सांगून काय करायचं. त्या वर्सी मालकांनी रंग आनला न्हाय.

पुढल्या वर्सी आनला.

फौंड्री बंद पडल्यावर वडगावला एका गुदामावर राखनीला ऱ्हायलं. तितल्या खोलीला गुलाबी. त्या गुलाबी भिंतीम्होरं संगीचं लगीन लावलं, वडगावातच दिली. पावनं जेवायचं सोडून भिंत बघाय लागलं. पाडवा झाला आन ते बी घर सुटलं. तवा माज्या मनात पक्कं बसलं. रंग वाळला की घर सुटतंय. मालकास्नी तसं सांगितलं, तर म्हनलं, "तसं न्हवं खुळे. खोली आपुन घर करतोय, म्हनून त्येंच्या डोळ्यात भरतंय."

"मग करू नगा," मी म्हनलं. "खोलीच ऱ्हाऊ द्या."

शेवटचं ह्ये कसबा बावड्यातलं. नवी अपार्टमेंट, मधल्या मजल्यावर दोन खोल्या आन गॅलरी. गॅलरीतनं ऊस दिसतोय, त्येच्या मागं कारखान्याची चिमनी. संगी म्हनत हुती, आमच्यात चला वडगावला. मालक म्हनलं, "जावयाच्या भिंतीला हात लावता येत न्हाय." माजं गुडघं गेल्यालं. मालकांच्या छातीत फौंड्रीची माती बसल्याली, दोन पायऱ्या चढल्या की खोकला. मी ठरवलंवतं, हितनं आता हलायचं न्हाय. हलायचं ते चौघांच्या खांद्यावर.

घरमालक आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. हापिसातनं रिटायर झाल्यालं, बायको वारल्याली, पोरं परगावी, एकटंच. आम्ही त्येंस्नी वरचं मालक म्हनायचो. किल्ली देतानाच त्येंनी बजावलं, "वहिनी, खिळा मारायचा नाही. रंग तर अजिबात नाही. पांढरं देतोय, पांढरं परत घेणार. त्यात काही इकडचं तिकडं झालं तर करार वाढणार नाही."

माजा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्सांत पयला घरमालक भेटला ज्यो माज्या मनातलं बोलला. तवर आमचं मालक हात फिरवत फिरवत दारापतोर पोचल्यालं. "दवाखाना हाय ह्यो," म्हनलं. "हितं मानूस बरं व्हायाला येतंय, ऱ्हायाला न्हाय."

आता चुना-नीळ गेली. दुकानात शेडकार्ड मिळतंय, पंख्यागत उघडायचं, आत बारकं बारकं रंगाचं चौकोन. मालकांनी ते आनलं आन माज्या डोस्क्याला ताप सुरू झाला. जेवाय बसलं की भाकरीला लावून बघायचं. "ह्यो बघ भाकरीचा रंग. पर करपल्याली." गॅलरीत उभं ऱ्हाऊन एक डोळा झाकून उसाच्या शेंड्याला लावायचं. एकदा माज्या गालाला लावलं. मी म्हनलं, "म्हातारपनी ह्ये काय?" तर म्हनलं, "हलू नगं. ह्यातलाच कुटला तरी हाय." कार्डावरची नावं विंग्रजी. संगी आली की तिला वाचाय लावायचं. "आबा, ह्यो लोन्याचा रंग म्हनं." मालकांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "ह्येला नाव ठेवनाऱ्यानं म्हस बघिटल्याली न्हाय."

दुकानात तर त्येंनी कहर केला. संगी संगं हुती, तिनं सांगितलं. काम्पुटरवर बसल्याल्याला म्हनलं, "खरवसाचा रंग द्या." त्यो म्हनला, "आजोबा, नंबर सांगा." मालक म्हनलं, "खरवसाला नंबर असतोय व्हय? पयल्या दिवसाचा पायजे का तिसऱ्या, एवढं इचारा."

मग बारक्या डब्या आनल्या आन भिंतीवर ठिगळं लावाय लागलं. मी म्हनलं, "वरच्या मालकांनी काय बजावलंय?" म्हनलं, "रंग कुटं लावतोय? बघतोय." बघता बघता भिंतीला गजकरन झाल्यागत दिसाय लागलं. पावनंरावळं आलं की पयलं हेच, "ओल आलीया काय हो?" आन मालकास्नी तेवढंच पायजे असायचं. दूधवाल्याला उभा करायचं, ग्यासवाल्याला खांद्यावरची टाकी खाली ठेवाय लावायचं. "तुमी सांगा, कुटला ब्येस?" दूधवाला म्हनला पिवळा. ग्यासवाला म्हनला आभाळी. संगीची सासू आली, ती म्हनली, "तांबडा लावा, घर भरल्यागत दिसंल."

मी म्हनलं, "एका भिंतीला तांबडा रस्सा लावा, एकीला पांढरा, आन वाढा समद्यास्नी."

समद्यांचं ऐकून झालं की माज्याकडं वळायचं. "आन तुला?"

"मला कुटलाच नगं."

"कुटला तरी असंल की."

"मला घर पायजे. रंग नगं."

एवढं म्हनलं की तोंड येवढंसं करायचं. आन दुसऱ्या दिशी च्याचा कप हातात घेतला की परत तेच टुमनं, "तुला कुटला?" वरचं मालक खाली येत न्हवतं म्हनून निभत हुतं. कवा आलंच तर मी दार अडवून उभारायचो, घरात कुनी बाळंतीन असल्यागत.

एक दिवस सकाळच्या पारी मालक वडगावला गेलं, संगीकडं. "सांजच्याला येतो," म्हनलं आन जरा लगबगीनंच जिना उतरलं, खोकत खोकत. मी खाली बसून भाकरी थापत हुतो. तवर दारात हमीदभाई, रंगारी. हातात बादली, खांद्यावर घडीची शिडी.

"आक्का, रंगवायचं घर हेच न्हवं? मालकांचा होकार हाय न्हवं? न्हाय, म्हंजी इचारून घेतल्यालं बरं. मागं एकदा भाडेकरूनं बोलावलं, आन मालकानं येऊन माजीच बादली उलथी केली."

माजं हात पिठात. तव्यात भाकरी. मी म्हनलं, "मालकांचा होकार? बाबा, ह्या घरात आल्यापास्नं मालकांचं दुसरं बोलनंच न्हाय. जेवताना बी रंगच."

"मग झालं तर," हमीदभाई म्हनलं आन शिडी आत घेतली. त्येंनी इचारलं वरच्या मालकाचं. मी सांगितलं घरातल्याचं. आता बाईमानसानं मालक म्हनलं तर दुसरं कोन असतंय?

हमीदभाईंनी भिंत बघिटली आन कपाळावर हात मारला. "या अल्ला. ह्यातला कुटला? दुकानातनं निरोप हाय, रंग बाईस्नी इचारून लावा."

तवा मला कळलं मालक वडगावला कशापायी पळालं ते. मी म्हननार हुतो, पांढरा लावा, ही ठिगळं झाका आन सुटा. तोंड उघडलं बी. पर गॅलरीतनं ऊन आत आलतं, आन सैपाकाच्या दारापाशी एक ठिगळ हुतं, मी भाकरीला बसतो तितनं नीट समोर, त्येच्यावर पडलतं. भात झोडून झाल्यावर खळ्याच्या कडंला पिंजार पडतंय, नवं, वाळल्यालं. आम्ही भनी त्येच्यावर लोळायचो. आंग खाजायचं, आय वरडायची, तरी लोळायचो. त्यो रंग हुता. ते ठिगळ तितं कवा लावलं, कुनी इचारून लावलं, मला ठावं न्हाय. मी म्हायेरचं कवा बोलत न्हाय. बोट पिठाचं हुतं, ते तिकडं गेलं.

"त्यो," म्हनलं. आन भाकरी करपली.

सांजच्याला मालक आलं आन दारातच थांबलं. रंग वला, हात फिरवता येईना, म्हनून हात मागं बांधून बघत ऱ्हायलं. "पिंजार," म्हनलं. मग खाली बसलं, खोकला काढला, आन म्हनलं, "पत्र्याच्या खोलीपास्नं इचारतोय. आज बोललीस."

मी म्हनलं, "च्या निवतोय."

दुसऱ्या दिशी हमीदभाई दुसरा हात माराय आलं, आन रंगाच्या वासानं वरचं मालक खाली आलं. ह्या बारीला मला दार अडवाय जमलं न्हाय.

"हे कुणाला विचारून?"

हमीदभाई शिडीवरनं म्हनलं, "मालकास्नी इचारून."

"मी मालक!"

"तुमी?" हमीदभाईंचा ब्रश वरच्या वर ऱ्हायला. "आक्का, मग होकार कुनी दिला?"

"मालकांनी," मी म्हनलं.

"मी कधी दिला?"

"तुमी न्हवं. मालकांनी."

"अहो वहिनी, या घराला मालक आहेत तरी किती?"

आमचं मालक कोपऱ्यात उभं हुतं, वल्या भिंतीला न टेकता. खोकला दाबत म्हनलं, "घराचं मालक तुमीच, सायेब. माजी मालकी हाय ती ह्या बाईपुरती."

"ती बी भाड्याचीच हाय," मी म्हनलं.

हमीदभाई शिडी धरून हसाय लागलं. वरच्या मालकास्नी बी हसू आलंवतं, पर त्येंनी चष्मा काढला, पुसला, आन त्येच्याबरूबर हसू बी पुसलं. "मिस्त्री," ते आमच्या मालकास्नी मिस्त्रीच म्हनायचं, "करार दिवाळीला संपतोय. तोवर पांढरं करून ठेवा. नाहीतर घर खाली करा." आन गेलं वर.

हमीदभाईंनी बिचाऱ्यांनी बादली उचलली आन ते बी गेलं. मी मालकांकडं बघिटलं. "झालं समादान? एरवी रंग वाळल्यावर तरी सुटायचं. ह्या बारीला वलं असतानाच सुटलं."

मालक खुर्चीत बसलं. मग म्हनलं, "पांढरं म्हनलं न्हवं त्येंनी? दिऊ की पांढरं. पर कुटलं पांढरं?"

पांढऱ्यात बी जाती असत्यात, हे मला म्हातारपनी कळलं. ताकाचं पांढरं येगळं, चुन्याचं येगळं, कापसाचं येगळं, धुतल्या धोतराचं येगळं. मालक कार्ड घिऊन धापा टाकत वर गेलं. "सायेब, घर तुमचं. तुमी सांगाल त्ये पांढरं." वरच्या मालकांनी दारातनंच एकावर बोट ठेवलं आन दार लोटाय लागलं. मालक म्हनलं, "ब्येस. पर सांजच्या उजेडाला ह्येच निळं दिसतंय. बघा, सांजच्याला परत येतो." सांजच्याला वरच्या मालकास्नी बी ते निळं दिसलं. मग दुसरं बघिटलं. ते दिव्याखाली पिवळं. मग मालक पुठ्ठ्याचं तुकडं रंगवून वर न्याय लागलं. आठवडाभरात वरनंच हाक याय लागली, "मिस्त्री, तो कालचा परत आणा हो जरा! मला रात्री वाटलं, तोच बरा होता."

वर च्या व्हायाचा. दोघं म्हातारं पांढऱ्या भिंतीवर पांढरा पुठ्ठा धरून भांडायचं. मला खाली ऐकू यायचं. "हा मळकट आहे." "मळकट न्हवं सायेब, सायीचा हाय." "साय अशी असते?" "तुमी पिशवीतलं दूध पिताय, तुमास्नी काय ठावं?" खाली येऊन परत आमच्या पिंजरावर पांढरी ठिगळं, कुटलं कसं झाकतंय ते बघाय. परत गजकरन. परत पावन्यांचं ते ओल आलीया काय. मी म्हनलं, "सरळ सांगा की त्येंस्नी, मला ठरवायचंच न्हाय म्हनून."

"असं कसं? ठरवतोय की," मालक म्हनलं आन डोळं बारीक केलं. इतक्या वर्सांत एवढं लबाड हसल्यालं मी बघिटलं न्हवतं.

दिवाळी आली आन गेली. कराराचं कुनीच काढलं न्हाय.

मग कारखाना सुरू झाला. हवेत मळीचा वास, गॅलरीत काळी राख. मालकांच्या छातीला ते सोसंना. जिना बंद झाला. तवा वरचं मालकच खाली याय लागलं, पुठ्ठं घिऊन. आमच्या घरात पयल्यांदा बसलं ते तवा. मालक अंथरुनातनं बोटानं सांगायचं, ह्यो न्हवं, त्यो. कवा कवा दोघं बी पिंजाराच्या भिंतीकडं बघत बसायचं. मी म्हनलं, "भाऊ, च्या घेताय?" तर वरचं मालक म्हनलं, "घेतो की. इथं चहा वेगळाच लागतो." मालकांनी माज्याकडं बघिटलं. त्येंच्या तोंडावर लिवल्यालंच हुतं, भिंत त्येंची, रंग आपला.

एका सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. मी च्या ठेवला, हाक मारली, परत मारली. च्या निवला.

मानसं जमली. बायका गळ्यात पडून म्हनाय लागल्या, "वरच्या मालकाची मर्जी, आक्का. त्येच्याम्होरं कुनाचं चालतंय?" माजी नजर जिन्याकडं गेली. वरचं मालक तितं कठड्याला धरून उभं हुतं, बनियनवरच, पायात चप्पल न्हाय. एवढ्या रडारडीत मला हसू आलं. संगीला वाटलं आईचं डोस्कं फिरलं.

दिवसकार्य झालं. संगी भांडी बांधाय लागली. म्हनली, "आई, आता वडगावला चल. हितं एकटी काय करनार?" तिचं बी खरंच हुतं. एकटीच्या नावावर कोन घर देतंय? वरचं मालक खाली आलं तवा संगीच त्येंस्नी म्हनली, "काका, हमीदभाईला सांगितलंय. उद्या पांढरं मारून किल्ली देतो."

"कुठला पांढरा?" त्येंनी इचारलं.

"कुठला बी की, काका. पांढरा त्यो पांढरा."

"कुठला बी कसा? आमचं ठरत होतं." ते माज्याकडं वळलं. "वहिनी, शेवटी कुठल्यावर आलं होतं?"

"कुटल्यावरच न्हाय, भाऊ," मी म्हनलं. "ठरलंच न्हाय."

वरचं मालक भिंतीजवळ गेलं. एकेक ठिगळ बघिटलं. मग संगीला म्हनलं, हापिसात कारकुनाला सांगत असतील तसं, "रंगाऱ्याला नको म्हणून कळवा. मालकांचं ठरल्याशिवाय या भिंतीला कोणी हात लावायचा नाही."

"मालक म्हंजी तुमीच की, काका."

"मी नव्हे," म्हनलं, आन आमचं मालक बसायचं त्या खुर्चीकडं बोट केलं. "मालकांचं. भांडी सोडा ती."

मिस्त्री म्हनलं न्हाईत.

संगी तोंड फुगवून वडगावला गेली. मी हितंच हाय. रंग वाळला आन घर ऱ्हायलं, मालक तेवढं सुटलं. जाताना ती ठिगळं तरी निस्तरून जायाचं का न्हाय? झाडताना रोज दिसत्यात, रोज शिव्या घालतो. एक ताकाचं, एक सायीचं, एक धुतल्या धोतराचं. नावं बी पाठ झाली, नगं असताना.

काल ग्यासवाला आला, नवा. टाकी ठेवली, भिंतीकडं बघिटलं आन म्हनला, "आज्जी, भिंतीला ओल आलीया तुमच्या."

"ओल न्हवं ती," मी म्हनलं. "मालकांचं ठरायचं हाय अजून."

"लवकर ठरवा म्हनावं की."

"त्येंस्नी कवाच घाई नसतीया," मी म्हनलं. मग त्यो वळला तसा परत हाक मारली. "पावनं, थांबा जरा. तुमी सांगा, ह्यातला कुटला ब्येस?"